पहिलं पाणी हलकं

मुंबई
२ नोव्हेंबर १९९६

भागुजी मामा,

जयभीम. पत्रात आधी माणसांची खुशाली विचारायची असते, पण मला आधी शेळ्यांची विचारायची आहे. गेल्या खेपेला आले तेव्हा तुमच्याकडे चौदा होत्या. त्यातल्या बारा मला हिवाळाभर उसन्या द्या. कापायच्या नाहीत, कुठे न्यायच्याही नाहीत, तुमच्याच अंगणात राहतील.

माझ्या एम.व्ही.एस्सी.चा विषय ठरला. थंडी लांबली की जनावराच्या अंगात काय होतं, हा. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. थंडी, भीती, उपास, काहीही अंगावर आलं की ती कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन रक्तात सोडते. त्याच्या जोरावर अंगातली साखर मोकळी होते आणि जनावर तग धरतं. एका थंड रात्रीत कॉर्टिसॉल चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण थंडी आठवडेच्या आठवडे हटलीच नाही तर? तो चढलेलाच राहतो, की अंग म्हणतं ‘हे आता रोजचंच’ आणि खाली येतो? चढलेलाच राहिला तर जनावर खंगतं, आजारांना बळी पडतं. म्हणून हे कळायला हवं.

अडचण एवढीच की मुंबईत थंडी नाही. इथे थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर. मॅडमना (त्या माझ्या गाइड) मी निमगावच्या थंडीचं इतकं कौतुक सांगितलं की त्यांनी मंजुरी देऊन टाकली.

करायचं ते असं. सहा शेळ्या गोठ्यात, खाली पाचट अंथरून, दार लावून. त्यांना कसलाही ताण द्यायचा नाही. सहा शेळ्या बाहेर, नदीकडच्या वाऱ्याला. त्यांना हिवाळाभर ताण द्यायचा. चारा दोन्हीकडे सारखाच. मी तीनदा येऊन रक्त घेईन, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी.

मामा, थंडी वर्षातून एकदाच येते. हा हिवाळा हुकला तर माझं वर्ष हुकलं, आणि आईने मला एवढंच वर्ष दिलं आहे. पुढे मंचरचं स्थळ तयारच आहे.

तुमची
प्रतीक्षा


निमगाव सावा
९ नोव्हेंबर १९९६

चि. प्रतीक्षा,

जयभीम. शेळ्या दिल्या. मागून मागून काय मागितलंस, तर हिवाळाभर शेळ्यांचं रक्त! तुझी मामी म्हणाली, “आवो, डागदरीण व्हायला ग्येली का भुताळीण?” मी तिला टोपीवाल्या ग्रंथीचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “शेळीला कशाला पायजे टोपी, तिला द्या एक गोणपाट.” तर मामीपासून सावध राहावं लागेल.

बाहेरच्या सहाजणींना मी तारेच्या जाळीत ठेवणार आहे. अगदीच मोकळं ठेवलं तर बिबट्या येऊन तुझ्याआधीच रक्त तपासून जाईल.

आणि ताण कसा द्यायचा हे मला शिकवू नकोस. दरसाल डाळिंबाच्या बागेला ताण देणारा माणूस आहे मी. यंदाही बागेला देतोच आहे, त्यात सहा शेळ्या जास्त. तू निर्धास्त राहा.

परवा पेठेला तुमच्या घरी गेलो होतो. सरूने दारातच उभं केलं. तुला पुढे शिकू दे म्हणून मी तिच्याशी भांडलो, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझी आई मला पाण्यात पाहते, पण तांब्याभर पाणी काही विचारत नाही. आपल्याकडे दारी आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी देतात, आणि मी तर सख्खा भाऊ. मीही उभ्या उभ्या सांगून आलो, “सरे, पोरगी उन्हाळ्यात डिग्री घिऊन येती का न्हाई बघ. न्हाई आली तर मंचरच्या पोराला मीच हळद लावतो.”

तेव्हा आता तुझी डिग्री ही माझीही अब्रू आहे. लवकर ये.

भागुजी


मुंबई
३० नोव्हेंबर १९९६

मामा,

सुखरूप पोचले. एस.टी.त बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाई विचारत होत्या, “मासं का गं?” मी हो म्हणाले. शेळीचं रक्त म्हणाले असते तर त्यांनी नारायणगावलाच उतरून घेतलं असतं.

पहिल्या नमुन्यांचे आकडे आले. बाराही शेळ्या सारख्या, शांत. मॅडम खूश आहेत. एकच विनंती. धरपकड केली की जनावर घाबरतं आणि घाबरल्यानेही कॉर्टिसॉल चढतो. मग थंडीचा किती आणि तुमच्या मिशांचा किती, हे मला कसं कळणार? म्हणून रोज सकाळी एकेकीला धरून जरा गोंजारा, म्हणजे सुई टोचताना त्या बिचकणार नाहीत. आणि सुई टोचताना तुम्ही डोळे मिटता ते मिटू नका. तुमचे डोळे मिटले की हात सुटतो.

मामीच्या हातचं कोंबडं अजून जिभेवर आहे. तिला सांगा, पुतळीला आत घ्यायचं नाही. ती तिच्या माहेरची शेळी आहे हे मला मान्य आहे, पण कोण आत कोण बाहेर याच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिची बाहेरचीच निघाली, आता माझा नाइलाज आहे.

प्रतीक्षा


निमगाव सावा
१८ डिसेंबर १९९६

चि. प्रतीक्षा,

थंडी म्हणशील तर अशी पडली आहे की सकाळी तोंडातून वाफ निघते आणि बोललेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. गव्हाला चांगली, तुला चांगली, माझ्या गुडघ्यांना वाईट.

रोज सकाळी बारा गळामिठ्या चालू आहेत. गावात हसतात. हौशीराम पोस्टमन म्हणाला, “भागुजीभाऊ, शेळ्यास्नी येवडं प्रेम, कधी वयनीस्नी बी दावत जा.” मामीने ऐकलं आणि त्याला चहा दिला. मला दिला नाही.

बाहेरच्यांना ताण चांगला बसतोय. कान पडलेत, डोळे आत गेलेत, चारा निम्मा टाकतात आणि मला पाहिलं की सगळ्या एकदम ओरडतात. बागेतही पानगळ सुरू झाली, तिकडेही ताण बरोबर चालला आहे. शेळ्यांची दया येते, खोटं कशाला सांगू. मामी तर माझ्याशी धड बोलत नाही. काल म्हणाली, “डोळ्यांम्होरं मुकं जित्राब सुकवताय, आन म्हनं भाचीचं शिक्शान!” मी म्हणालो, शास्त्रात दयामाया आणून चालत नाही. पण रात्री जेवण गेलं नाही.

एक तारखेला कोरेगावला विजयस्तंभाला जाऊन येतो. पाच तारखेला तू ये, कोंबडं राखून ठेवलं आहे.

भागुजी


मुंबई
१० जानेवारी १९९७

मामा,

आकडे आले आणि मी डोकं धरून बसले आहे.

आतल्या सहाजणी ठीक. बाहेरच्या पाचजणींचा कॉर्टिसॉल नुसता चढलेला नाही, पार माळ्यावर जाऊन बसला आहे. निमगावच्या थंडीने इतका चढायला नको होता. आणि सहावी, आपली पुतळी, तीही त्याच जाळीत, त्याच वाऱ्यात, पण तिचा आकडा जवळजवळ आतल्यांएवढा! मला वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा तपासलं, तेच.

मॅडमनी रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, हे फार दाट आहे. जनावराच्या अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं. मला आठवलं, मी आले तेव्हा जाळीतलं घमेलं कोरडं होतं. मला वाटलं, नुकत्याच पिऊन बसल्या असतील.

बाहेरच्यांना हगवण लागली आहे का? की थंडीमुळे पाण्याला तोंड लावत नाहीत? रोज साधारण किती पितात ते नीट पाहून लिहा. पुतळीला काही वेगळं मिळतं का तेही पाहा. पुतळीला आकडेवारीतून वगळावं की काय, असा विचार चालू आहे.

प्रतीक्षा


निमगाव सावा
१४ जानेवारी १९९७

चि. प्रतीक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू मुंबईला जाऊन शेती विसरलीस असं दिसतं.

अगं, ताण द्यायचा म्हटल्यावर पाणी कसं देणार? ताण म्हणजेच पाणी तोडणं. डाळिंबाला काय करतो आपण? पाणी बंद करतो, झाड सुकत येतं, पानं गाळतं, मग जीव जाईल या भीतीने फुलं काढतं. तू लिहिलंस, आतल्यांना कसलाही ताण द्यायचा नाही. त्यांना दोन वेळा घमेलं भरून दिलं. तू लिहिलंस, बाहेरच्यांना हिवाळाभर ताण द्यायचा. त्यांचं पाणी तोडलं. शेळी काही झाड नव्हे म्हणून अगदी बंद नाही केलं, एक दिवसाआड घोट घोट दिलं. तेही तुला न विचारता दिलं म्हणून मनात भीतीच होती.

आता आकडे माळ्यावर गेले म्हणतेस, म्हणजे ताण चांगलाच बसला की! काम फत्ते झालं का नाही? पुतळीचं मात्र मला कोडं आहे. ती मुळातच मामीसारखी हट्टी.

भागुजी


मुंबई
१८ जानेवारी १९९७

मामा,

ताण म्हणजे थंडीचा ताण. थंडीचा. पाण्याचा नाही! शेळीला पाणी द्यायचं, हे पत्रात लिहावं लागतं का?

सगळ्या हिवाळ्याचा सत्यानाश झाला. आता थंडीने काय झालं आणि तहानेने काय झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मॅडमना काय तोंड दाखवू? आईला काय सांगू? तुमच्यावर विसंबले हेच चुकलं.

प्रतीक्षा


निमगाव सावा
२३ जानेवारी १९९७

परतीक्षाबाईस,

मी हौशीराम, पोस्टमन. जानकाबाई वहिनींनी, म्हणजे तुमच्या मामींनी, बसवून घेतलं आहे. त्या बोलतात तसंच उतरवायचं अशी ताकीद आहे, त्यामुळे शुद्धलेखनाचा दोष माझ्याकडे नाही.

“पोरी, तुजं पत्र आलं त्या दिसापासनं तुजा मामा बोलायचा बंद झालाय. जेवाय बसतो आन भाकर कुस्करून उठतो. शेळ्यांम्होरं जाऊन हुबा ऱ्हातो. बाहेरच्यास्नी पानी द्याचं का न्हाई, ते बी त्याला ठरवता येईना. म्हनतो, ‘दिलं तर तिचं आनखी बिघडंल, न्हाई दिलं तर ह्या मरतील.’ म्या म्हनलं, मग इचारा की तिला पत्रातनं. तर म्हनतो, ‘तिनं माज्यावर इसंबून चूक केली म्हनती. आता कोनत्या तोंडानं इचारू?’

येत्या सोमवारी बाराच्या बारा शेळ्या बेल्ह्याच्या बाजारात न्हेनार हाय. म्हनतो, डोळ्यांम्होरं नको.

आन आयक. पुतळीचं कोडं पडलंय ना तुला? म्या भांडी घासाय बसले की ती जाळीच्या कडंला येती. पयल्या दिसापासनं म्या तिला डेचकीभर पानी पाजतीया, रोज दोन बारी. माज्या आयनं दिलेली शेळी हाय, म्या न्हाई सुकवू द्यायची. समद्यास्नी पाजलं आसतं, पर बाकीच्या वरडून गाव गोळा करतात. तुजं शिक्शान बुडालं आसंल तर त्यात माजी बी डेचकी हाय. मला बोल, पर त्येला बोलू नगं. त्यानं तुजा शबुद पाळला गं. लई जिवावर आलं व्हतं त्याच्या, तरी पाळला.”

एवढं बोलून वहिनी रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते टपालखात्याच्या नियमात बसत नाही. पत्र आजच्याच थैलीत टाकतो.

हौशीराम


तार
मुंबई, २५ जानेवारी १९९७

शेळ्या विकू नका. सगळ्यांना पाणी पाजा. चूक माझी. पत्र येत आहे. प्रतीक्षा.


मुंबई
२५ जानेवारी १९९७

मामा,

तार करून थेट हॉस्टेलवर आले आणि लिहायला बसले. मी तुम्हाला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. ‘ताण’ हा शब्द माझा होता. पुढे ‘थंडीचा’ लिहायचं मी विसरले आणि पाण्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. तुम्हाला जे समजलं ते तुम्ही अक्षरशः पाळलंत, स्वतः उपाशी राहून पाळलंत. तुमच्यावर विसंबले हे चुकलं नाही. तुमच्यासारखं माणूस माझ्यामागे आहे, म्हणून तर मी इथे आहे.

आता कामाचं ऐका. मामीचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. डेचकीपर्यंत आले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अगं, हिला वगळायला निघाली होतीस?” पुतळी थंडीत होती आणि तिला पाणी होतं, म्हणजे अख्ख्या जाळीत फक्त थंडीचा ताण तिलाच होता. आणि तिचा आकडा खाली आला आहे! म्हणजे पाणी असेल तर अंग थंडीला सरावतं, असं दिसतं. पण एका शेळीवरून दिसतं एवढंच म्हणता येतं, ठरवता येत नाही.

थंडी अजून आहे. म्हणून बाकीच्या पाचजणींना आता पोटभर पाणी द्यायचं, पण ठेवायचं बाहेरच. महिन्याने मी रक्त घेईन. त्यांचे आकडे पुतळीजवळ आले, तर माझा विषय बुडाला नाही, उलट दुप्पट झाला. थंडीसोबत तहान असेल तर काय होतं आणि नसेल तर काय होतं. तहानेचा भाग कसा घडला ते प्रबंधात जसंच्या तसं लिहायचं, असं मॅडमनी बजावलं आहे. नाही आले, तर मंचर.

एक विचारायचं आहे. बागेचा ताण तोडताना तुम्ही पाणी कसं सोडता? इतके दिवस तहानलेल्या जनावराला एकदम घमेलंभर दिलं तर बाधतं. मला भीती वाटते आहे. मामा, लिहा. तुमच्या पत्राशिवाय मला इथे करमत नाही.

प्रतीक्षा


निमगाव सावा
२९ जानेवारी १९९७

चि. प्रतीक्षा,

जयभीम. तुझी तार हौशीराम सायकल आपटत घेऊन आला आणि अंगणातूनच ओरडला, “भागुजीभाऊ, पानी पाजा, पानी पाजा!” मामीला वाटलं, मलाच काही झालं. ती तांब्या घेऊन धावली आणि मला जबरदस्तीने पाजलं. सगळ्यांत आधी मीच प्यायलो असं समज.

बागेचा ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देतात. एकदम भिजवलं तर फुलाऐवजी नुसती पानं येतात. शेळ्यांनाही तसंच केलं. आधी घोटभर, मग जरा थांबून आणखी, मग संध्याकाळी पोटभर. तुझं पत्र येण्याआधीच केलं होतं, आणि तू विचारलंस तेही नेमकं तेच. शेळी झाड नाही हे मला कळलं आहे, पण या एका गोष्टीत आहे.

शेवटी सगळ्या घमेल्याला अशा भिडल्या की एकीचं शिंग दुसरीच्या कानात. पुतळी लांब उभी राहून पाहत होती. तिला कळेना, यांना झालंय काय. नंतर जाळीत जी शांतता झाली, ती मी किती दिवसांत ऐकली नव्हती. मामीने पिठलं केलं. चार भाकरी खाल्ल्या.

तू लाज वगैरे लिहू नकोस. मामाला भाचीने बोलायचं नाही तर कुणी? पण ‘विसंबले हेच चुकलं’ एवढं लिहू नकोस पुन्हा. ते लागलं.

थंडी अजून चांगली आहे. मी तिला जाऊ देत नाही.

भागुजी


मुंबई
७ जून १९९७

मामा, मामी आणि पुतळी,

झालं! काल तोंडी परीक्षा झाली. मी पास.

आकडे तुम्हाला माहीतच आहेत, पण पुन्हा लिहिते, मला लिहायला आवडतं. फेब्रुवारीच्या शेवटी पाचही जणींचा कॉर्टिसॉल पुतळीच्या शेजारी येऊन बसला. थंडीत राहूनही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा हार्मोन मात्र चढलेला राहिला, म्हणजे अंगाने ऊब धरायची दुसरी सोय केली आणि घाबरणं सोडून दिलं. पाणी तोडलं होतं तेव्हा ते त्यांना जमत नव्हतं. थंडी एकटी असेल तर जनावर निभावून नेतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “पाणी तोडायची कल्पना कुणाची?” मी सगळी हकीकत सांगितली. त्यांचं घर सांगोल्याकडे, डाळिंबाची बाग आहे. ते इतके हसले की चहा कपातून सांडला. म्हणाले, “मीही तेच केलं असतं.”

आता एक काम तुमचं. आईला मी कळवलेलं नाही. तुम्ही तिला शब्द दिला होता, तुम्हीच जाऊन सांगा. एकदम सांगू नका, मंचरचं स्थळ तिच्या फार मनात होतं. पहिलं पाणी हलकं.

प्रतीक्षा


निमगाव सावा
१४ जून १९९७

चि. डॉक्टरीण प्रतीक्षा,

काल पेठेला जाऊन आलो. नवं धोतर नेसलो होतो. लांबच्या वाटेने सुरुवात करायची असं ठरवलं होतं, आधी पाऊसपाणी, मग शेळ्या, मग हळूच तू.

सरू नेहमीसारखी दारात आडवी. मी चपला काढल्या आणि पाऊसपाणी बाजूलाच राहिलं. तोंडातून एकदम निघालं, “सरे, पोरगी पास झाली.”

ती वळून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता दार लावणार. मी चपला पायात घालत होतो.

आतून भांड्याचा आवाज आला. सरू बाहेर आली ती हातात तांब्या घेऊन, वर पदराचं टोक डोळ्यांना लावलेलं. म्हणाली, “दादा, उन्हातनं आलास. पानी पी.”

दोन वर्षांचा ताण होता, पोरी. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, हे सरूला कोण सांगणार? तिने तांब्या काठोकाठ भरला होता. मी सगळा प्यायलो.

भागुजी